पेशींसाठी हायड्रोजेलचा धागा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एमएस्सीची नवी मुलं नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये येतात आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना पेशी बघायच्या असतात. पहिले दोन आठवडे मी त्यांना पेशींना हात लावू देत नाही. त्यांच्या हातात सिरिंज, बोथट सुई आणि बीकरभर कॅल्शियम क्लोराईडचं द्रावण देते. आधी नुसता हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलचा, धागा काढा, मग यीस्ट घालून काढा, तो सलग आणि एकसारखा यायला लागला की पेशी. मुलं थोडी हिरमुसतात, पण माझं मत पक्कं आहे. पेशी वाढवायला दहा-बारा दिवस लागतात, आणि वाकडातिकडा धागा काढून त्या दहा मिनिटांत मारता येतात.

आधी हे नेमकं काय आहे ते पाहू. सोडियम अल्जिनेट ही तपकिरी समुद्री शेवाळापासून काढलेली पिवळट पांढरी पूड. पाण्यात विरघळली की कुरडयांच्या चिकासारखं दाट, ओघळणारं द्रावण होतं. त्यातल्या लांब साखळ्यांवर ग्युल्युरोनिक आम्लाचे पट्टे असतात. कॅल्शियम भेटला की दोन साखळ्यांचे पट्टे समोरासमोर येतात आणि मधल्या खोबणींत कॅल्शियमचे आयन बसतात, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी बसावीत तसे. या रचनेचं नावही त्यावरूनच पडलं आहे. हे सगळं साध्या तापमानाला, काही सेकंदांत आणि कोणतंही जहाल रसायन न वापरता होतं, म्हणून जिवंत पेशी आत असल्या तरी तगतात. सोऱ्यातून शेव तेलात पडते आणि कढईतच आकार धरते ना, तसंच. फक्त इथे कढई थंड असते.

गोळीच्या किंवा चकतीच्या ऐवजी धागा कशासाठी? शरीरातली बहुतेक पेशी जवळच्या केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतच असते, त्यापलीकडे प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. जाड गोळीच्या मध्यातल्या पेशी म्हणूनच गुदमरतात. धागा मात्र बारीक ठेवून हवा तेवढा लांब करता येतो. शिवाय तो चिमट्यानं उचलता येतो, कापता येतो, गुंडाळता येतो. टोकियो विद्यापीठातल्या शोजी ताकेउची यांच्या गटानं २०१३ मध्ये मीटरभर लांबीचे पेशींनी भरलेले धागे करून दाखवले. आत पेशी आणि प्रथिनं, बाहेर कॅल्शियम अल्जिनेटचं कवच. ते धागे त्यांनी विणूनही दाखवले. येवल्याच्या पैठणीशेजारी राहणाऱ्या आपल्या मुलांना हे ऐकलं की काय वाटतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

पाणी आणि द्रावण

सुरुवात पाण्यापासून, कारण माझी पहिली चूक पाण्याचीच होती. मी शिकत होते तिथे एकदा डिस्टिलेशनचं यंत्र बंद पडलं, आणि मी 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून बोअरच्या पाण्यात अल्जिनेट टाकलं. रात्रभर ढवळूनही तळाशी मऊ, दाणेदार गाळ राहिला. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमनं पूड विरघळायच्या आधीच तिला धरून ठेवलं होतं. तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटरशिवाय दुसरं पाणी नाही. सरावाला साधं डिस्टिल्ड वॉटर चालतं. पेशींसाठी मात्र ०.९ टक्के मिठाचं द्रावण करायचं, नाहीतर पेशी फुगून फुटतात.

सुरुवातीला २ टक्के अल्जिनेट घ्या, म्हणजे १०० मि.ली.मध्ये २ ग्रॅम. पाणी मॅग्नेटिक स्टररवर ठेवा, मध्ये भोवरा पडू द्या आणि पूड त्या भोवऱ्याच्या कडेवर चिमटी-चिमटीनं भुरभुरा. सगळी पूड एकदम ओतली तर गुठळ्या होतात. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या. त्या मोडायला दिवस जातो. ज्यांनी घरी चीक हाटलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. दोन ग्रॅमला दहा-पंधरा मिनिटं द्या. मग झाकण लावून मंद गतीनं रात्रभर ढवळत ठेवा.

सकाळी द्रावण स्वच्छ दिसतं, पण उजेडासमोर धरलं की बारीक बुडबुडे दिसतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. सुईतून जाताना प्रत्येक बुडबुडा धागा तोडतो. द्रावण आणखी एक रात्र फ्रिजमध्ये स्थिर ठेवलं की बुडबुडे वर येऊन विरतात. घाई असेल तर सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवा. वापरण्याआधी द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जानेवारीत निफाडकडे पारा खाली येतो आणि आमची लॅबही गारठते, तेव्हा हेच द्रावण इतकं घट्ट वाटतं की दट्ट्या ढकलताना अंगठा दुखतो. तेव्हा थोडं कोमट करून घ्यायला हरकत नाही.

आता कॅल्शियम. १०० मिलिमोलरचं द्रावण करा. त्यासाठी बाटलीवरचं लेबल नीट वाचा, कारण कॅल्शियम क्लोराईड दोन रूपांत मिळतं. निर्जल असेल तर १०० मि.ली.ला १.११ ग्रॅम लागतं आणि डायहायड्रेट असेल तर १.४७ ग्रॅम. हाच आकडा का? कॅल्शियम क्लोराईड विरघळल्यावर एकाचे तीन आयन होतात, म्हणजे १०० मिलिमोलरचे साधारण ३०० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप). ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाचाही आकडा जवळपास तोच, ३०८. पेशीला या द्रावणात ओढाताण जाणवत नाही. पावसाळ्यात मात्र या बाटलीवर डोळा ठेवा. कॅल्शियम क्लोराईड हवेतला ओलावा भराभर ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये झाकण सैल राहिलं तर आठवड्यात पुडीला पाणी सुटतं, आणि तुम्ही जे वजन करता त्यात निम्मं पाणीच असतं. बाटली डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा.

सुई आणि हात

सुई बोथट टोकाची घ्या. इंजेक्शनच्या तिरक्या टोकाच्या सुईतून धार एका बाजूला वळते आणि धागा पिळवटतो. शिवाय बोटाला टोचण्याचा धोका वेगळाच. सुरुवातीला २३ गेज पुरे. तिचं आतलं छिद्र साधारण ०.३४ मि.मी.चं असतं. म्हणजे धागा तेवढ्याच जाडीचा आला तर मध्यातली पेशी बाहेरच्या पाण्यापासून फार तर १७० मायक्रॉनवर राहते. वर सांगितलेल्या मर्यादेत ते बसतं. १ मि.ली. द्रावणातून जवळजवळ ११ मीटर धागा निघतो. २७ गेजच्या सुईनं, म्हणजे ०.२१ मि.मी.च्या छिद्रानं, हेच २९ मीटरच्या आसपास जातं. मुलांना हे गणित स्वतः करायला लावते. एकदा केलं की कोणी 'जास्तीच लागेल' म्हणून दहा मि.ली. पेशीमिश्रित द्रावण तयार करून वाया घालवत नाही.

सिरिंज पंप असेल तर ताशी ६ मि.ली.वर लावा. २३ गेजमधून धार सेकंदाला सुमारे १.८ सें.मी. वेगानं येते. डोळ्यांनी पाहून सुधारता येईल इतका तो वेग सावकाश आहे. पंप नसेल तर हातानं करा. सरावापुरतं हातानं उत्तम जमतं, आणि माझ्या मते पहिला आठवडा हातानंच करावं. पंपावर शिकलेल्या मुलांना धागा बिघडला की का बिघडला ते कळत नाही.

सिरिंजमध्ये द्रावण ओढा, उभी धरून टिचकी मारून हवा वर काढा आणि सुईच्या टोकावर एक थेंब येईपर्यंत दट्ट्या ढकला. थेंब पुसा. आता दट्ट्यावर हलका दाब ठेवूनच सुईचं टोक कॅल्शियमच्या पाण्यात पाच-सात मि.मी. बुडवा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी सुई बुडवून मग दाब दिला, तर टोकातच जेलची गुठळी बसते आणि सुई बंद पडते. एकदा धार सुरू झाली की थांबायचं नाही. थांबलात तर सुई लगेच बाहेर काढून पुसायची.

आता टोकाकडे बघा. द्रावण पाण्याच्याच रंगाचं असल्यानं पहिले एक-दोन सें.मी. काहीच दिसत नाही. मग उजेड पडतो तिथे काचेच्या केसासारखी एक रेघ उमटते. ती हळूहळू खाली जाते आणि तळाला टेकली की गोल-गोल वेटोळी पडू लागतात, एकावर एक, दोरखंडासारखी. बीकरखाली काळा कागद ठेवला की ही रेघ नीट दिसते. ही युक्ती एका विद्यार्थिनीची, आणि आता आमच्याकडे तो कागद बेंचवर कायमचा चिकटवलेला आहे. अल्जिनेटमध्ये चार थेंब निळा खायचा रंग घातला तरी चालतं, पण तो लगेच पाण्यात उतरायला लागतो.

वेटोळी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पाणी अगदी मंद फिरतं ठेवा. स्टररचा चुंबक तळाला नाचत असेल तर धागा त्यात गुंतेल, म्हणून मी उथळ, रुंद भांडं घेऊन ते हातानं सावकाश फिरवते. पाण्याचा वेग धारेपेक्षा किंचित जास्त असला की धागा ताणला जाऊन सुईच्या छिद्राहून बारीक होतो. फार जास्त झाला की तुटतो. आमच्याकडे एक मुलगा येवल्याहून येतो, घरी हातमाग आहे. पहिल्या दिवशी सगळे दाबाशी झगडत असताना तो म्हणाला, "मॅडम, ढकलू नका, पाण्याला ओढू द्या. ताण सारखा राहिला की धागा सारखा येतो." त्याच दिवशी त्याचा धागा सगळ्यात चांगला आला होता.

बिघाड ओळखायला शिका. धाग्याऐवजी शेपूटवाले मणी पडत असतील तर सुईचं टोक हवेत आहे किंवा वेग फार कमी आहे. धागा मध्येच फुगून परत बारीक होत असेल तर दाब हलतोय. पंपावरही तसंच होत असेल तर द्रावणात न विरघळलेली गुठळी असणार, द्रावण बारीक जाळीतून गाळून घ्या. धागा चिमट्यात धरताच विरघळल्यासारखा तुटत असेल तर कॅल्शियमचं वजन तपासा, आणि पावसाळा असेल तर ती बाटली आधी तपासा.

धागा पाच ते दहा मिनिटं त्याच पाण्यात राहू द्या. मग एक तुकडा स्लाईडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली जाडी मोजा, एकाच धाग्यावर दहा ठिकाणी. दहाही आकडे वहीत लिहा, नुसती सरासरी नको. सरासरी चांगली येऊनही धागा गाठाळ असू शकतो.

दुसरा आठवडा यीस्टचा

नाशिक द्राक्षांचं आणि वाईनचं गाव, इथे यीस्टची ओळख करून द्यावी लागत नाही. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवल्या जाणाऱ्या फेसाळ वाईनसाठी अल्जिनेटमध्ये बंद केलेलं यीस्ट वापरतातसुद्धा, कारण ते नंतर बाटलीच्या तोंडाशी सहज गोळा होतं. आपल्याला बेकरीचं कोरडं यीस्ट पुरतं. १ ग्रॅम यीस्ट ५ मि.ली. कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा आणि २.५ टक्क्यांच्या २० मि.ली. अल्जिनेटमध्ये सावकाश मिसळा. आता अल्जिनेट २ टक्के झालं. धागा काढा, धुवा आणि १० टक्के साखरेच्या पाण्यात टेस्ट ट्यूबमध्ये ठेवून ३० अंशांवर ठेवा.

थोड्या वेळानं धाग्याच्या अंगावर मोहरीहून बारीक बुडबुडे धरतात. मग तळाशी पडलेला धागा एका टोकानं उचलला जातो, आणि कार्बन डायऑक्साईड साठेल तसा सगळाच वर तरंगू लागतो. हे बघताना मुलांच्या तोंडून 'जिवंत आहे!' असंच निघतं. आणि हाच या आठवड्याचा उपयोग आहे. धागा काढताना आतलं जिवंत राहिलं की नाही याचा पुरावा कोणत्याही महागड्या रंगाशिवाय डोळ्यांसमोर असतो. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं असेल तर यीस्ट वाढून पृष्ठभागातून बाहेर पडलंय. तेही वहीत लिहा.

साखरेच्या पाण्याऐवजी द्राक्षाचा रस घ्यायचा मोह मार्चमध्ये सगळ्यांना होतो. करून बघा, पण रसातलं टार्टारिक आम्ल कॅल्शियमला आपल्याकडे ओढतं. धागा मऊ पडतोय का ते साखरेच्या पाण्यातल्या धाग्याशेजारी ठेवून पाहा.

एक नियम कडक आहे. यीस्टचं काम ज्या खोलीत, ज्या एप्रनमध्ये केलं त्यातून पेशींच्या हूडकडे (जंतुविरहित हवेच्या कपाटाकडे) जायचं नाही. प्राण्यांच्या पेशींच्या मीडियममध्ये, म्हणजे त्या वाढतात त्या पोषक द्रावणात, यीस्ट शिरलं की दोन दिवसांत बाटली गढूळ होते आणि ती फेकण्यावाचून उपाय उरत नाही. मळ्यावरून थेट लॅबला येणाऱ्यांनी हात धुऊन कपडे बदलावेत.

आता पेशी

पेशींच्या जाती आपल्याकडे बहुतेक पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून येतात. नवख्यांनी उंदराच्या फायब्रोब्लास्टसारख्या (संयोजी ऊतीतल्या) सोशिक पेशी घ्याव्यात. पेशी आल्या की लगेच धाग्यात घालू नका, दोन-तीन वेळा वाढवून त्यांचा वेग समजून घ्या.

अल्जिनेट निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेचं यंत्र) सोपा वाटतो, पण १२१ अंशांवर साखळ्या तुटतात आणि द्रावण पातळ होतं. आम्ही कमी चिकटपणाचं अल्जिनेट घेऊन आधी ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून थोडं-थोडं गाळतो. हाताला रग लागते, पण दर वेळी द्रावण सारखं मिळतं. कॅल्शियमचं द्रावण बेलाशक ऑटोक्लेव्ह करा.

पेशी ट्रिप्सिन या एन्झाइमनं बाटलीच्या तळापासून सोडवल्यावर सेंट्रिफ्यूजमध्ये नीट फिरवून वरचं पाणी काढून टाका. ट्रिप्सिनबरोबर बहुधा ईडीटीए असतं आणि ते कॅल्शियमचा शत्रू. पेशी नव्यानं मिसळतानाही मीडियममध्ये मिसळू नका, कारण मीडियममध्ये स्वतःचं कॅल्शियम असतं, डीएमईएम या नेहमीच्या मीडियममध्ये १.८ मिलिमोलर. त्यानं अल्जिनेट ट्यूबमध्येच तारा धरायला लागतं. ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक द्रावणात मिसळा. २० लाख पेशी ०.१ मि.ली.मध्ये घेऊन ०.९ मि.ली. अल्जिनेटमध्ये टाका, आणि रुंद तोंडाच्या टिपनं बुडबुडे न होऊ देता हळू वरखाली करा. वरच्या गणितानं धाग्याच्या दर सेंटिमीटरला साधारण १,८०० पेशी येतात.

धागा काढायची रीत तीच. फक्त पेशी कॅल्शियमच्या पाण्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका.

यानंतर धुणं. इथे बहुतेक सगळे एकदा तरी फसतात, मीही फसले. पेशी धुवायला हात आपोआप पीबीएसकडे, म्हणजे फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या द्रावणाकडे, जातो. पीबीएसमधलं फॉस्फेट कॅल्शियम खेचून घेतं. पाणी दुधाळ होतं, धागा फुगतो आणि हातात लगदा राहतो. माझ्या तीन आठवड्यांच्या पेशी अशा गेल्या होत्या. ०.९ टक्के मिठात हेपेस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) आणि ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराईड घालून, पीएच ७.४ करून, त्यानं दोनदा धुवा. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा: धागा धुण्यासाठी. पीबीएस नाही.

मग मीडियममध्ये ठेवून ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साईडच्या इन्क्युबेटरमध्ये. दर दोन दिवसांनी मीडियम बदलताना धागा पिपेटनं ओढला जाणार नाही याकडे लक्ष द्या. दिवसागणिक धागा थोडा मऊ होत जाणार, कारण मीडियममधलं सोडियम कॅल्शियमची जागा घेत राहतं.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पेशी गोल दिसल्या तर घाबरू नका. फायब्रोब्लास्टना पसरायला धरायला जागा लागते आणि साध्या अल्जिनेटमध्ये ती नसते, म्हणून त्या गोलच राहतात. कूर्चेच्या पेशींना उलट हेच मानवतं. पसरलेल्या पेशी हव्या असतील तर कोलॅजन मिसळायचं किंवा आरजीडी हा छोटा पेप्टाइड जोडलेलं अल्जिनेट घ्यायचं. नुसतं जिलेटिन मिसळलं तर ३७ अंशांवर ते वितळून बाहेर निघून जातं. पण हे सगळं तिसऱ्या-चौथ्या धाग्यानंतर.

जिवंतपणा पाहायला कॅल्सीन एएम आणि प्रोपिडियम आयोडाईड वापरा, जिवंत हिरव्या आणि मेलेल्या लाल दिसतात. दोन्ही रंग नसतील तर धागा विरघळवून पेशी मोजा. ५५ मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेट (डायहायड्रेट), म्हणजे १०० मि.ली.ला १.६२ ग्रॅम, आणि ०.९ ग्रॅम मीठ घेऊन पीएच ६.८ करा. त्यात धागा दहा मिनिटं हलका हलवला की तो दिसेनासा होतो. लगेच फिरवून पेशी मीडियममध्ये घ्या आणि ट्रायपॅन ब्लू घालून मोजा, निळ्या त्या मेलेल्या. सायट्रेट आहे म्हणून लिंबाचा रस चालेल का, असं एकानं विचारलं होतं. चालत नाही. इतक्या आंबट पाण्यात अल्जिनेट उलट आणखी घट्ट होतं.

वापरलेल्या सुया पांढऱ्या, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात, आणि धागे-मीडियम ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर. परवा सकाळी पुढची बॅच लावायची असेल तर अल्जिनेट आज संध्याकाळी घरी जाण्याआधी स्टररवर टाका, म्हणजे उद्याची रात्र बुडबुडे बसायला मोकळी राहील.